बाबा समभाववाले नव्हते

बाबा गेले तेव्हा गावातल्या पोरांनी एसटी स्टॉपजवळ फ्लेक्स लावला. पैसे स्वतःच्या खिशातून काढले, फोटोही चांगला शोधला, आणि खाली लाल अक्षरात लिहिलं, 'सर्वधर्मसमभावाचे पुरस्कर्ते'. पोरांवर माझा काडीचाही राग नाही, त्यांनी मनापासून लावला. पण नंतर श्रद्धांजलीच्या सभेत सरपंच तेच बोलले, हेडमास्तर तेच बोलले, की बाबा सगळे धर्म सारखेच मानायचे, सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात म्हणायचे, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करत होते की हे बाबांच्या कानावर पडलं असतं तर ते तिथल्या तिथं उभे राहून म्हणाले असते, "थांबा साहेब, मी असं कधीच म्हटलं नाही."

कारण खरंच कधी म्हटलं नाही. बाबांचं मत अगदी उलट होतं आणि ते त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. येशू हाच मार्ग, दुसरा नाही, हे ते शेजारच्या पाटील काकांच्या ओसरीवर बसून, काकांच्याच घरचा चहा पिता पिता सांगायचे. काका म्हणायचे, "मंग आमी गेलो का खड्ड्यात?" बाबा म्हणायचे, "म्हणून तर सांगून राह्यलो." आणि दोघं हसायचे आणि मग तुरीच्या भावावर बोलणं जायचं. हे असं कितीतरी वर्षं चाललं. आता माणूस गेल्यावर त्याला घासूनपुसून सगळ्यांना पचेल असा करायचा हे आपल्याकडे होतंच, पण मला वाटतं बाबांच्या बाबतीत त्यात गंमतच निघून जाते. जो माणूस सगळं सारखंच मानतो त्यानं शेजाऱ्याशी चांगलं वागणं यात विशेष ते काय. बाबा सारखं मानत नव्हते आणि तरी असे वागले, हे जास्त अवघड आहे, आणि ते मला नीट लिहून ठेवायचंय.

आमचं गाव परतवाड्याच्या वर, जिथून सातपुडा दिसायला लागतो त्या बाजूला. संत्र्याचे बगीचे, खाली कोरडवाहू वावरं, आणि वर मेळघाट. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो पणजोबांपासून. 1899-1900 चा दुष्काळ, म्हातारे लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायचे कारण संवत 1956 होतं, त्याच्या तीनच वर्षं आधी आणखी एक दुष्काळ होऊन गेलेला, त्यामुळे वऱ्हाडात घरंच्या घरं रस्त्यावर आली होती. पणजोबा तेव्हा लहान पोर. कोणत्या गावचे, कोणाचे, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, सुतारकाम शिकले. आमचं आडनावसुद्धा तिथल्या रजिस्टरातून आलेलं आहे, त्याच्या मागे गाव नाही की कुळ नाही.

शाळेत मला एका पोरीनं म्हटलं होतं की तुम्ही जवारीसाठी बाटलेले. मी रडत घरी आले. मला वाटलं बाबा चिडतील, शाळेत येतील. बाबा चपलेचा पट्टा शिवत होते, मान वर न करता म्हणाले, "खरंच आहे ते. माया आजा उपाशी होता, जेवाले गेला. ज्यायनं जेवू घातलं त्यायचा देव आपल्या घरी आला. यात रडाचं काय आहे?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "तिले म्हणा, जवारी चांगली होती." दुसऱ्या दिवशी मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. त्या पोरीला काही समजलं नाही पण परत बोलली नाही.

बाबा मिशनच्या कुष्ठरुग्णालयात ड्रेसर होते. गावातले लोक त्यांना डाक्टर म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे दवाखान्यातला शिपाईसुद्धा डाक्टरच असतो, बाबांना ते आवडायचं नाही. ड्रेसिंग करायचं आणि पेशंटच्या चपला बनवायच्या, ही दोन कामं. आता या चपलांबद्दल थोडं सांगते कारण बाबा कोणी ऐकणारा भेटला की यावर तासभर बोलू शकायचे. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत, हे आजही पुष्कळ शिकलेल्या लोकांना माहीत नसतं. आजार नसांना धरतो, तळपाय बधिर होतो, मग खडा रुतला, खिळा घुसला, चुलीच्या निखाऱ्यावर पाय पडला तरी माणसाला कळतच नाही. तो तसाच चालत राहतो. जखम खोल जाते, हाडापर्यंत जाते, आणि मग बोट जातं. आपल्याला खडा टोचला की आपण लंगडतो, ते लंगडणंच आपला पाय वाचवतं. म्हणून त्या चपलेला आत मऊ एमसीआर रबर असतं, खाली बऱ्याचदा गाडीच्या टायरचा तळ, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही, सगळं चिकटवून आणि शिवून. खिळा वापरला आणि तो वर आला तर ज्याच्यासाठी चप्पल केली त्याच्याच पायात घुसणार आणि त्याला पत्ता लागणार नाही. बाबा बाजारातल्या चपलासुद्धा हातात घेऊन उलट्या करून बघायचे. दुकानदार वैतागायचे.

घरी आमच्या पायांची तपासणी शनिवारी संध्याकाळी. आम्ही तिघं भावंडं ओळीनं बाजेवर पाय लोंबकळत ठेवून बसायचो आणि बाबा एकेक तळवा कंदिलाजवळ धरून काटे काढायचे, भेगा बघायचे. दवाखान्यात पेशंटला जे शिकवायचे, पाय पाण्यात भिजवा, खरखरीत दगडानं घासा, मग तेल लावा, तेच आम्हाला. रविवारी देवळात जाताना पाय स्वच्छ पाहिजेत असं कारण सांगायचे. आम्ही देऊळच म्हणतो, बरं का, चर्च हा शब्द नंतर आला.

एकदा गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी नवीन आलेल्या पाळकसाहेबांनी उपदेशात बाबांचं उदाहरण दिलं. येशूनं शिष्यांचे पाय धुतले आणि आपले हे भाऊ रोज कुष्ठरोग्यांचे पाय धुतात, असं. सगळी मंडळी वळून बघायला लागली. बाबा इतके अवघडले की उपासना संपल्यावर चहाला थांबलेच नाहीत. रस्त्यात म्हणाले, "प्रभूनं फुकट धुतले. मी पगार घेतो." आई म्हणाली, "किती पगार आहे तेबी सांगून द्याचं होतं न पाळकसाहेबाले."

आईबद्दल पण सांगितलं पाहिजे. आई वाशिमच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली, नाझरीन मंडळीतली, म्हणजे त्या पंथाच्या चर्चमधली. हे बाहेरच्यांना समजत नाही पण आमच्यात हे फार महत्त्वाचं असतं. मिशनऱ्यांनी विदर्भ जवळजवळ वाटूनच घेतला होता, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, वाशिम-बुलडाण्याला नाझरीन, नागपूरला स्कॉटलंडचे हिस्लॉप 1845 लाच येऊन बसलेले. 1970 साली नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण ह्या अलायन्स, फ्री मेथडिस्ट, नाझरीन वगैरे आपापल्या जागी वेगळ्याच राहिल्या. त्यामुळे लग्न जमवताना आमचे म्हातारे जात विचारत नाहीत, मिशन विचारतात, असं अभिमानानं सांगितलं जातं. (जात पण विचारतात. जरा उशिरा आणि हळू आवाजात विचारतात.) बाबांची वरात शकुंतला रेल्वेनं गेली, अचलपूरहून मूर्तिजापूर, तेव्हा तिला वाफेचंच इंजिन होतं, आणि पुढे एसटीनं वाशिम. आई सांगते की पाहुणे पोचले तेव्हा सगळ्यांचे पांढरे सदरे कोळशानं काळे झालेले आणि नवरदेव कोणता ते ओळखू येईना.

आईच्या नाइट ड्युट्या असायच्या. त्या रात्री स्वयंपाक बाबा करायचे. गावात तेव्हा बाप्या माणसानं चुलीपुढं बसणं म्हणजे हसण्यासारखी गोष्ट, आणि लोक हसायचेच. बाबांच्या भाकरी जाड व्हायच्या आणि वरण पातळ. माझ्या दोन वेण्या घालून द्यायचे, पण इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे, ड्रेसिंगचं बँडेज बांधायची सवय. दहावीच्या परीक्षेला पहाटे चारला उठवायचे आणि मी अभ्यास करत असेपर्यंत स्वतः समोर बसून चपला शिवायचे, एक अक्षर बोलायचे नाहीत. मला ते तेव्हा पहारा वाटायचं.

आता रविवार. आमची पाच एकर कोरडवाहू काळी जमीन, कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. ज्यांना शेती माहीत आहे त्यांना सांगायला नको की मृगाचा पाऊस पडल्यावर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो तो तुमच्या सोयीनं येत नाही. शनिवारी रात्री पाऊस झाला, रविवारी दुपारी वापसा आला, की अख्खं गाव वावरात. आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून देवळात. रविवारी वावरात पाय ठेवायचा नाही, बैल जुंपायचे नाहीत, मजूर लावायचे नाहीत, कारण मजुरालाही रविवार आहे, त्याचा देव कोणता का असेना. धुऱ्यावरून पाटील काका ओरडायचे, "अबे, तुह्या देवाले कापूस समजते का नाही?"

बहुतेक वेळा सोमवारी पेरणी व्हायची आणि काही बिघडायचं नाही. पण एका वर्षी बिघडलं. रविवारी सगळ्यांची पेरणी उरकली, आमची राहिली, आणि सोमवारी पहाटेपासून जी झड लागली ती थांबेचना. आमची पेरणी मागे पडली ती पडलीच, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उशिरा धरली, आणि बोंडं भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली. त्या साली घरात भांडण झालं. आई भांडायची ती पवित्र शास्त्रातून भांडायची, तिला तोंडपाठ होतं. लूकच्या शुभवर्तमानात येशू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, विचारतो की तुमचा बैल शब्बाथ दिवशी, विसाव्याच्या दिवशी, विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही का. आईनं तेच काढलं. "बैल विहिरीत पडला तर काढता न? मंग हे घर पडून राह्यलं ते दिसत नाही का तुमाले?"

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "घर विहिरीत नाही. काठावर आहे."

आईनं हातातला तांब्या आपटला. मला आजही ठरवता येत नाही की त्यात कोणाचं बरोबर होतं. म्हणजे खरं सांगायचं तर आईचंच बरोबर होतं, त्या वर्षी माझ्या भावाची फी सोसायटीच्या कर्जातून भरली. आणि त्याच वर्षी कापसाचे पैसे आले तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी दशमांश काढून वेगळा ठेवला. तेव्हा कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेत द्यायचा आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, तर बाबा प्रत्येक हप्त्याचा दहावा भाग काढायचे, किराणा दुकानदाराच्या आधी, सोसायटीच्या आधी. आई म्हणायची, देवाला थांबता येतं, दुकानदाराला येत नाही.

पण याच माणसाची रविवारची ड्युटी असली की ते दवाखान्यात जायचे, हूं की चूं नाही. मी एकदा विचारलं, वावरात चालत नाही आणि दवाखान्यात कसं चालतं? "पऱ्हाटी सोमवारपर्यंत दम धरते. पू धरत नाही." झालं, एवढंच उत्तर.

पोळ्याचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न असायचा. बैल तर होते. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून शेकायचे, आज आवतण घ्या उद्या जेवायला या असं त्यांना सांगायचं, हे बाबा करायचे आणि मनापासून करायचे, कारण वर्षभर ज्यानं जू ओढलं त्याचा खांदा दुखतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. शिंगं रंगवायचे, झूल घालायचे, तोरणाखाली नेऊन उभे करायचे, झडत्या, म्हणजे पोळ्यातली गमतीची गाणी, ऐकून सगळ्यांबरोबर हसायचे. पण आरतीचं ताट आलं की आमची जोडी बाजूला. कुंकू नाही, ओवाळणं नाही. बाबा एकेका बैलाच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटून प्रार्थना करायचे. गावातले काही म्हणायचे, हा असा कसा अर्धा पोळा. आणि तिकडे मंडळीतले काही म्हणायचे, विश्वासणारा माणूस तोरणाखाली गेलाच कसा. बाबांवर दोन्हीकडून बोलणी बसायची आणि ते दोन्हीकडे आपलं तेच सांगायचे, की बैल माझे आहेत आणि देव पण माझा आहे.

महालक्ष्म्यांच्या वेळी पाटील काकूंकडे सोळा भाज्या, आंबील, पुरण. देवाला दाखवलेलं बाबा खात नसत आणि ते काकूंना माहीत होतं. आता त्यांच्याकडे नैवेद्याच्या आधी कोणालाच काही वाढत नाहीत, तो त्यांचा नियम. दोन्ही नियम एकमेकांना छेदून जाणारे. तर काकू काय करायच्या, आमच्यासाठी सगळ्या भाज्या आदल्या दिवशी सोवळ्याबाहेरच्या चुलीवर छोट्या छोट्या भगुल्यांत वेगळ्या शिजवायच्या. नैवेद्याशी त्याचा संबंधच नाही. सण त्यांचा, पंगत त्यांची, आणि आमच्या पानातलं अन्न देवाकडून न जाता थेट चुलीवरून आलेलं. डबल काम. कोणी काही बोलायचं नाही यावर. नाताळात आई करंज्या, अनारसे करायची तेव्हा काकूंच्या डब्यात अंड्याचा केक चुकूनही जाऊ नये म्हणून तो डबा सगळ्यात आधी भरून ठेवायची. शहरात मी सेक्युलॅरिझमवर बरीच भाषणं ऐकली आहेत, भगुली वेगळी घासावी लागतात हे त्यातल्या कोणी सांगितलं नाही.

हे सगळं गोड गोड वाटत असेल तर आता दुसरी बाजू. माझ्या धाकट्या भावानं हिंदू मुलीशी लग्न ठरवलं. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली, महिनाभराची नोटीस लावून रजिस्टर लग्न, आणि मग मुलीच्या आईवडिलांच्या इच्छेखातर त्यांच्या दारी मांडवात विधी. बाबांना पोरगी पसंत होती, तिच्याशी बोलताना कधी आवाज चढला नाही. पण विधीला बसणार नाही म्हणाले. आम्ही सगळ्यांनी समजावलं, मी तर भांडले, निदान खुर्चीवर नुसतं बसा, हात जोडू नका, नुसतं बसा. नाही म्हणजे नाही. लग्नाला आले, पण सप्तपदी चालू होती तेव्हा मांडवाच्या मागे आचाऱ्यांजवळ बसून कोथिंबीर निवडत होते. भाऊ फोटोत बघत राहतो, सगळे आहेत, बाबा नाहीत. लोक याला तत्त्वनिष्ठा म्हणू शकतात. मला ते आजही पटलेलं नाही. सुनेनं मात्र कधी मनावर घेतलं नाही, ती म्हणते की तिच्या मामांनी दारू पिऊन मांडवात जो तमाशा केला त्यापेक्षा कोथिंबीर बरी.

म्हणजे बाबा उदार वगैरे नव्हते हो. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, रविवारी रेडिओवर मॅचसुद्धा नाही. तरुण पोरं 'प्रेज द लॉर्ड' म्हणायची तर बाबा ठरवून आमचं जुनं 'सलाम' म्हणूनच उत्तर द्यायचे. हात वर करून मोठ्यानं प्रार्थना करणाऱ्या नवीन मंडळ्या आल्या, तेल लावून आजार बरे करतो म्हणणारे आले, त्यांच्यावर तर बाबा जास्तच चिडायचे. एक असाच उपदेशक पेशंटला गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा असं सांगून गेला होता. एमडीटी हा दोन-तीन औषधं मिळून करायचा उपचार आल्यापासून, म्हणजे ऐंशीच्या दशकापासून, हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, पण त्यातल्या क्लोफॅझिमिननं कातडी काळी पडते म्हणून लोक आधीच गोळ्या टाळायचे. बाबा सायकल काढून त्या पेशंटच्या गावी गेले आणि गोळीची पट्टी त्याच्या हातात देऊन म्हणाले की प्रार्थना मी करतो, गोळी तू खाय. 2005 च्या शेवटी सरकारनं जाहीर केलं की देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं, दहा हजारांत एकापेक्षा कमी पेशंट. मी फोन करून बाबांचं अभिनंदन केलं. बाबा म्हणाले, "चांगलं झालं. मंग सोमवारी लायनीत बसले होते ते कोण होते?"

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना जेवणाच्या आधी. दिवसभराची भूक, समोर गरम वरण, आणि बाबांची प्रार्थना लांब. लांब असायचं कारण म्हणजे ते नावं घ्यायचे. आधी आम्ही, वयाप्रमाणे. मग आजी, मामा, मावश्या. मग पेशंट, कोणाच्या कोणत्या पायाला काय झालंय त्यासकट. मग बैल. मग ज्याच्याकडून पैसे घेतले तो आणि ज्याला दिले तो. सरपंच, पंतप्रधान, बदलले की नाव बदलायचं. आणि पाटील काका, काकू, त्यांची पोरं, रोज, एकही दिवस न चुकता, की प्रभू त्यांचे डोळे उघड. म्हणजे त्यांनी ख्रिस्ती व्हावं हीच मागणी होती, यात काही आडपडदा नाही. काकांनाही ते माहीत होतं. आजारी पडले की काकाच निरोप पाठवायचे, "डाक्टरले म्हणा, आज गुडघ्याचंबी सांगजा."

काका गेले. साधंच, म्हातारपणानं, झोपेत. बाबा तिरडीला खांदा द्यायला पुढे होते, मोक्षधामात शेवटपर्यंत थांबले, तेरवीला जेवायला मात्र गेले नाहीत, काकूंनी भगुलं घरी पाठवलं. त्याच आठवड्यात मंडळीतला एक तरुण, बायबल कॉलेज नुकतंच करून आलेला, आमच्या ओसरीवर बसला होता. त्यानं बाबांना विचारलं, "भाऊ, तुम्ही त्यांना एवढी वर्षं सुवार्ता सांगितली, त्यांनी स्वीकारली नाही. मग आता ते कुठे असतील?" प्रश्न बरोबर होता. बाबांच्या स्वतःच्या हिशेबानं उत्तरही ठरलेलं होतं. मी आतून ऐकत होते, मला बघायचं होतं बाबा काय म्हणतात.

बाबा म्हणाले, "चहा घे. थंडा होऊन राह्यला."

पोरगा परत विचारायला लागला तर म्हणाले, "मी ड्रेसर आहे बाबू. पेशंट बरा होईन का नाही ते मले इचारू नको. ते वरच्या डाक्टरले इचार." आणि उठून आत आले. चेहरा बघितला तर त्यांना हे उत्तर स्वतःलाच पुरलेलं नव्हतं. त्या रात्री आणि त्यानंतर बऱ्याच रात्री ते उशिरापर्यंत ओसरीवर बसलेले असायचे.

आणि प्रार्थनेत काकांचं नाव चालूच राहिलं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. कॅथलिक करतात, आम्ही नाही, तो मोठा फरक मानला जातो, बाबांनी आम्हाला तो लहानपणी स्वतः शिकवलेला. तरी रोज रात्री, काकू, त्यांची पोरं, आणि आधी काका. आईनं काही दिवस ऐकून घेतलं, मग एकदा आमेन झाल्यावर सरळ म्हटलं, "ते गेले न."

"सवय आहे," बाबा म्हणाले आणि ताट ओढलं.

एवढ्या काटेकोर माणसानं पोथीप्रमाणे वागणं सोडलं अशी मला माहीत असलेली ही एकच जागा. रविवारसाठी पीक जाऊ दिलं, मुलाच्या लग्नात मांडवाबाहेर बसले, आणि इथे मात्र रोज रात्री नियम मोडत राहिले, शेवटपर्यंत, ते पण सवयीच्या नावाखाली. म्हणून मला तो फ्लेक्स खटकतो. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात असं मानत असते तर त्यांना त्या रात्री झोप लागली असती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबा गेले. ख्रिस्तवासी झाले असं आम्ही पत्रिकेत छापलं. गावातल्या बायका आईला विचारायला आल्या, तेरवी कधी? आमच्यात तेरवी नसते, स्मरणाची उपासना असते, आई ते समजावत बसली आणि शेवटी कंटाळून म्हणाली, या तेराव्या दिवशी, जेवू घालतो. पाटील काकूंनी त्या दिवशी सकाळी येऊन वांग्याची भाजी स्वतः केली.

जूनमध्ये मी गावी होते. आता बैल नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर आहे आणि कपाशी कमी करून सोयाबीन जास्त. ट्रॅक्टरवाल्याकडे अख्ख्या गावाची लाइन, तो म्हणाला तुमचा नंबर रविवारी सकाळी, नाही तर मग बुधवारच्या पुढे. पुण्याहून भावानं फोन केला, आई काय करायचं, बाबा असते तर. आई देवळात जायची साडी नेसून तयार होती. तिनं ट्रॅक्टरवाल्याला चहा दिला, बियाण्याच्या थैल्या मोजून दिल्या, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं ते बजावून सांगितलं, आणि फोनवर भावाला म्हणाली, "तुह्या बाबाले काय वाटलं असतं ते मले माहीत आहे, चाळीस वर्षं आयकलं. पेरून घेऊन राह्यली मी." मग मला म्हणाली, "चाल लवकर, पहिलं गीत सुटते आपलं."